अंगणातला दगड

एका घरी अंगण खणताना दगड निघाला. गोल, चपटा, काळा. मध्ये मोठं भोक, कडेला एक लहान भोक. सांगा बरं, काय असेल? नातू म्हणाला, गाडीचं चाक. मुलगा म्हणाला, काही का असेना, नळाखाली टाका, कपडे आपटायला होईल.

ओसरीवर म्हातारी आई बसली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं. म्हणाली, "इकडं आणा." तिनं हात फिरवला. मधल्या भोकात बोटं घातली, "इथून वैरण घालायची." कडेला अंगठा ठेवला, "इथं खुंटा." दगड उलटा करायला लावला. टाकीचे घाव झिजून गुळगुळीत झाले होते. "बाळा, ही जात्याची वरची तळी. तुझे वडील गेले, तेव्हा लोकांची दळणं दळून तुला शाळेत घातलं. तू झोपेत असायचास रे."

मुलगा खाली बसला. बोलेना.

माउली, पंढरीला आलं की आपण गोपाळपूरला जातो, जनाबाईच्या जात्याला हात जोडतो. देव तिच्या जोडीला दळायला बसला, हे ऐकून डोळे भरतात. भरावेतच. पण आपल्याला पोसणारं जातं आपण ओळखलं का? डोळसांना दगड दिसला, आईच्या हाताला जातं कळलं. कारण त्या हातानं कष्ट केले होते. देवाची ओळखही सेवेच्याच हाताला होते. घरी गेलात की आधी आईचा हात हातात घ्या. त्यावरचे घट्टे चाचपून पाहा. मग माळ ओढा.