धांवती गाडी आणि बिनतारी दुवा



१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली, तेव्हां प्रवाशाची अपेक्षा एवढीच असेल, कीं आपण सुखरूप पोंचावें. पुढें त्याला डब्यांत दिवे हवे झाले, पंखे हवे झाले, पाणी हवें झालें. आज तो इंटरनेट मागत आहे. ही मागणी चैनीची कीं गरजेची, हा प्रश्न आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

गेल्या पावसाळ्यांत मी एका डोंगराळ मार्गानें प्रवास करीत होतों. समोरच्या बाकावरील तरुणाच्या आईवर त्याच वेळीं शस्त्रक्रिया चालली होती. बोगदा आला कीं त्याच्या हातांतील दूरध्वनि मुका होई; बोगदा संपला कीं तो पुन्हां त्या लहानशा पडद्याकडे पाही. आई शुद्धीवर आल्याचा निरोप त्याला मिळाला, तो पाठविल्यानंतर पाऊण तासानें. त्या पाऊण तासांत त्यानें जें सोसलें तें पाहिल्यावर या मागणीला चैन म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं.

मग अडचण कोठें आहे? लहरींचे मनोरे एका जागीं उभे असतात; ताशीं १०० किलोमीटर वेगाची गाडी मात्र सेकंदाला सुमारें २८ मीटर पुढें जाते. दर थोड्या वेळानें एका मनोऱ्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागतो, आणि तोही गाडींतील शेंकडो यंत्रांना जवळजवळ एकाच वेळीं. डब्याचें पोलादी कवच लहरींना अडवितें, तें निराळेंच. कोंकण रेल्वेच्या सुमारें ७४० किलोमीटरांच्या मार्गावर ९० च्या आसपास बोगदे आहेत. रत्नागिरीजवळील करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर लांब आहे. डोंगराच्या पोटांत बाहेरच्या मनोऱ्याची लहर पोंचत नाहीं, आणि उपग्रहाचीही नाहीं.

प्रयत्न झालेच नाहींत, असें मात्र नाहीं. जानेवारी २०१६ मध्यें रेलटेल व गूगल यांनीं मुंबई सेंट्रल स्थानकावर विनामूल्य वाय-फाय सुरू केलें; २०२१ सालीं रेलटेलच्या अशा स्थानकांची संख्या ६,००० वर गेली. स्थानक जागचें हलत नाहीं आणि काचतंतूंची तार तेथपर्यंत नेतां येते, म्हणून हें साधलें. धांवत्या गाडींत, हावडा राजधानीवर, उपग्रहाच्या साह्यानें प्रयोग झाला; पण खर्च फार आणि लहरींची क्षमता अपुरी म्हणून तो सोडून दिल्याचें रेल्वेमंत्र्यांनीं २०२१ सालीं संसदेंत सांगितलें.

कोणी म्हणतील, प्रवासांत तरी माणसानें खिडकीबाहेर पाहावें. अवश्य पाहावें, पण ज्याच्या घरीं चिंता आहे, त्याला खिडकीबाहेरचें कांहींच दिसत नसतें.

माझें मत थोडक्यांत असें. निवडक गाड्यांच्या डब्यांत महागडीं यंत्रें बसविण्यापेक्षां रुळांच्या कडेनें मनोरे दाट करावे, आणि लांब बोगद्यांतून लहरी पाझरणाऱ्या तारा ओढाव्या. डब्यांतील सोय त्या डब्यापुरती राहते. मार्गावरील सोय मात्र साध्या डब्यांत दाटीवाटीनें उभ्या असलेल्या प्रवाशाला मिळते, रात्रीं रूळ तपासणाऱ्या कामगाराला मिळते, आणि रुळांशेजारच्या खेड्यालाही मिळते. खर्च करावयाचाच, तर तो तेथें व्हावा.