आधी छताकडे पाहा



एप्रिल-मे महिन्यांत लातूर, परभणी, चंद्रपूर इकडच्या घरांत रात्री अकरालाही पंख्याखाली झळ लागते. यात पंख्याचा दोष नाही. डोक्यावरचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता रात्रभर खोलीत सोडत राहतो. पंखा तीच तापलेली हवा खाली ढकलतो.

लातूरकडे मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत सर्वांत जास्त ऊन झेलतं ते छत. म्हणून घर गार करायचं तर सुरुवात तिथून करा. आपण मात्र आधी कूलर घेतो, मग एसी, आणि तापलेल्या स्लॅबशी झगडायला वीज जाळतो.

जुन्या माळवदात हे भान होतं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारची उष्णता खाली झिरपेपर्यंत दिवस मावळायचा. पण तेच ओझं, दगड-मातीच्या भिंतींसह, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो जीव गेले. त्यानंतर लोक माळवदाला भ्याले, ते योग्यच होतं. जुन्या घरांविषयी हळहळताना ही पहाट विसरू नये. आपल्याला हवा आहे तो माळवदाचा गारवा, त्याचं वजन नको.

तो बऱ्याच अंशी चुन्यानंही मिळतो. स्लॅब धुऊन घ्या, भेगा बुजवा. भिजवून गाळलेल्या चुन्यात डिंक मिसळून दोन हात द्या, एक आडवा, एक उभा. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो. पावसाळ्यात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत पुन्हा लावायचा. ऐपत असेल तर पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे टाइलचे तुकडे, बसवा. त्या टिकतात आणि गळतीही थांबवतात. मात्र त्यांचं वजन असतं, तेव्हा जुना स्लॅब आधी जाणकाराला दाखवा. पत्र्याच्या घरालाही वरून पांढरा रंग द्यावा.

मग पश्चिमेची भिंत. कलतं ऊन छज्ज्याखालून आत शिरतं. काचेतून ते आत आल्यावर पडदा ओढून फारसं साधत नाही. बाहेरूनच बांबूची चिक, हिरवी जाळी किंवा वेल हवा. एवढं झालं की पंख्याकडे वळा. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी मोटरचा 30 ते 35.

सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे ते सरकारी घरकुलांबद्दल. स्लॅब पडला, हप्ता मिळाला की काम संपलं असं धरलं जातं. ग्रामपंचायतींनी अंदाजपत्रकातच छताच्या चुन्याचे पैसे धरण्याचा आग्रह धरावा. रक्कम अगदी थोडी आहे. आणि भरदुपारी त्या छताखाली असतात त्या बाळंतिणी, तान्ही मुलं, म्हातारी माणसं. त्यांच्या घरी एसी येणार नाही.