भोंगा कोणता आणि नुसता खांब कोणता?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याइतकी विद्या माझ्यापाशी नाही. पण घर राखणारीला धोक्याची खूण ओळखता आली पाहिजे, असे मला वाटते. म्हणून चार शब्द बोलते.

७ मे २०२५ रोजी सरकारने देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम घेतली. मुंबई-पुण्याकडे भोंगे वाजले, ते आपण टीव्हीवर पाहिले. दुसऱ्या दिवशी आपल्यात चर्चा सुरू झाली, की गावाकडे असा भोंगा असतो कुठे? एक म्हणाली, ग्रामपंचायतीवरचा कर्णा तोच. दुसरी म्हणाली, खांबावरची पेटी. तिसरीने तर डीपीकडेच बोट दाखविले! तेव्हा मी जाणत्या माणसांना विचारून घेतले. तेच आज सांगते.

घोटाळा मुळात शब्दाचा आहे. भोंगा हे नाव आपण तीन वस्तूंना देतो. मुंबई-सोलापूरच्या कापड गिरण्यांचा भोंगा वाफेवर वाजे. ती कामगारांना पाळीची वेळ सांगणारी मोठी शिट्टीच. दुसरा लाऊडस्पीकरचा कर्णा. तिसरा खरा धोक्याचा भोंगा, म्हणजे सायरन.

कर्णा ओळखायला सोपा. त्याचे तोंड धोतऱ्याच्या फुलासारखे पसरट असते. जुन्या सायरनला असे तोंड नसते. तो बसक्या लोखंडी डब्यासारखा असतो, भोवती उभ्या फटी आणि वर पावसासाठी छत्री. पोलीस ठाणे, अग्निशामक दल किंवा जुनी सरकारी कचेरी यांच्या छपरावर तो बसवलेला असे. आत उफणणीच्या पंख्यासारखे चाक असते. मोटार ते फिरवते, वारा फटींतून तुटत तुटत बाहेर पडतो आणि त्याचाच आवाज होतो. चाक हळू तेव्हा आवाज जाड, वेग वाढला की बारीक. म्हणून सायरन रडल्यासारखा चढतो आणि उतरतो. काही सायरन हाताने दांडा फिरवून वाजवण्याचेही असतात. सायरन हे नाव कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१९ साली दिले. त्याचे यंत्र पाण्याखालीही वाजे!

हल्लीचे विजेचे नवे सायरन मात्र कर्ण्यांसारखेच दिसतात. तेव्हा नुसत्या रूपावर जाऊ नये, विचारून खात्री करावी.

आता सायरनसारखे वाटणारे, पण न वाजणारे खांब. ज्याच्यावर छोट्या वाट्या वाऱ्याने गरगर फिरतात, ते हवामान केंद्र. महसूल मंडळांच्या गावी ‘महावेध’ची अशी केंद्रे बसवली आहेत. ती पाऊस-वारा मोजतात, ओरडत नाहीत. टोकदार सळई आणि तिच्यापासून जमिनीत गेलेली तांब्याची पट्टी दिसली, तर ती वीज अटकाव यंत्रणा. तीही मुकीच. ती वाजेल मग घरी जाऊ, असे म्हणत शेतात थांबणे जिवावर बेतेल. ढग गरजला, की तोच आपला भोंगा. विजेची आगाऊ सूचना मोबाईलवर हवी असेल, तर पुण्याच्या हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. दिव्याच्या खांबावरची पेटी बहुधा सौर दिव्याच्या बॅटरीची. आणि डीपीपासून मुलांना लांबच ठेवावे, हे सांगायला नकोच.

ओळख पटली, तरी आवाजाचा अर्थ कळला पाहिजे. दोन मिनिटे चढउतार करणारा आवाज म्हणजे हवाई हल्ल्याचा धोका. दोन मिनिटे एकसारखा सरळ आवाज म्हणजे धोका टळला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईकर हा आवाज ऐकून दिवे मालवीत. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे मौन पाळतात, तेव्हाही जिथे सायरन आहे तिथे तो वाजवतात. त्याला घाबरू नये, उभे राहावे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे तर २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून टीव्ही-मोबाईल बंद करण्याची आणि मुलांना अभ्यासाला बसवण्याची प्रथा सुरू झाली. भोंगा शहाणपणाने वापरला, तर तो असाही उपयोगी पडतो.

आपल्या भागात जास्त जपायचे ते नदीकाठी. पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर ही धरणे आहेत. माहेर किंवा लेक अशा नदीकाठी असेल, तर एवढे जरूर सांगा: धरणाचा भोंगा ऐकला, की धुणे तसेच टाकून वर यायचे. आभाळ निरभ्र असले तरी पाणी वरून सोडलेले असते. साडी गेली तर दुसरी घेता येते. आणि भोंग्याचा आवाज फार दूर पोचत नाही. म्हणून तो ऐकला नाही तरी दवंडी किंवा निरोप मिळताच निघावे.

भूकंपाची गोष्ट वेगळी. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. तो सांगून आला नाही. तिथे भोंग्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. हादरा थांबताच मुलेबाळे घेऊन उघड्यावर यावे.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर सूचना येतात, भोंगा कशाला? बायांनो, मोबाईल पुष्कळदा घरधन्याच्या खिशात असतो आणि घरधनी बाजाराला. चुलीपुढची बाई, खाटेवरची सासू आणि अंगणातले मूल यांना ऐकू जाईल, असाच इशारा हवा.

म्हणून माझी एक सूचना आहे. एके दिवशी आपण साऱ्याजणी गावातून फिरू आणि ग्रामपंचायतीला विचारू: कोणत्या खांबावर काय आहे? धोक्याची सूचना कशाने देणार? बटण कोण दाबणार? तो माणूस गावाला गेला तर कोण? आणि वीज गेली तर काय? उत्तरे शाळेच्या फळ्यावर लिहून घेऊ, म्हणजे पोरेच घरोघर सांगतील.