दोन चाकांवरील सोवळे



सायकल हे गरिबाचे वाहन. तिच्यावर बसणाऱ्यांत उच्चनीचपणा कोठून यावयाचा, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ आणली, तेव्हा उंच चाकावरच्या स्वारांनी नाके मुरडली. पडून मान मोडण्याची भीती नाही, मग मर्दुमकी ती कसली?

फ्रान्समध्ये हे सोवळे नियमांतच शिरले. १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांच्या मते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचे साधन! खऱ्या गड्याने घाट मांड्यांच्या बळावर चढावा. त्यामुळे शर्यतीतील नामांकितांना १९३७ पर्यंत घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचे चाक उलटे बसवून दाते बदलावे लागत.

याहून मासलेवाईक गोष्ट फ्रान्सिस फोर याची. ऑस्कर एगने १९१४ साली तासाभरात ४४.२४७ किलोमीटर कापले होते. तो विक्रम एकोणीस वर्षे टिकला. १९३३ च्या जुलैत फोर या दुय्यम दर्जाच्या स्वाराने शार्ल मोशेच्या सायकलीवर, मागे रेलून व पाय पुढे पसरून, ४५.०५५ किलोमीटर कापले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने अशा वाहनाला शर्यतीच्या सायकलींतून बाहेर काढले. त्याला वारा कमी लागतो, हे खरेच. पण शर्यतीचा गडी कमरेत वाकतो तो तरी कशासाठी? आमच्या मते खरा राग त्या रेलण्याचा होता.

आता पुण्याकडे वळू. हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज रविवारी पहाटे सिंहगडाच्या रस्त्याला कार्बनच्या हलक्या सायकली निघतात. त्यांच्या स्वारांना सायकलपटू म्हणतात. कॅरिअरला डबा बांधून बावीस इंची काळ्या सायकलीवर रोज पाळीला जाणाऱ्याला मात्र ते नाव कोणी देत नाही. तो नुसता ‘सायकलवाला’! मडगार्ड, स्टँड, साखळीवरचे झाकण हे सारे हौशी मंडळींना ओझे वाटते. भर पावसात कामावर जाणाऱ्याचे कपडे त्यानेच वाचतात.

हा केवळ चेष्टेचा विषय असता तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. सायकलमार्गाची मागणी करायला पुढे होतात ते सायकलपटू. त्यांनी निदान जाताना त्या सायकलवाल्याला विचारावे. त्याला हवा आहे रात्री पाळी सुटल्यावर दिवे असलेला रस्ता, आणि कारखान्याच्या दाराशी सायकल ठेवायला छप्पर.