मुलांनी वाद घालावा

(मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाच्या पालकसभेत केलेले भाषण)



वर्गात होणाऱ्या वादविवादांची व्यवस्था गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. त्यासंबंधी दोन शब्द सांगावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आम्ही शिक्षक नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदल्यांच्या निमित्ताने चार प्रांतांचे पाणी प्यालो, एवढीच आमची योग्यता. तेव्हा शास्त्र सांगण्याचा आव न आणता जे पाहिले तेच निवेदन करतो.

प्रारंभी वर्गात वक्तृत्वस्पर्धा होत असत. आईने लिहून द्यावे, मुलाने पाठ करावे आणि हातवारे करून म्हणून दाखवावे, असा तो प्रकार. एके वर्षी एका मुलाचे भाषण संपल्यावर आम्ही सहज विचारले, "तुझे म्हणणे कोणाला पटले नाही तर?" तो गडबडला आणि म्हणाला, "लेकिन काका, बरोबर तेच आहे ना! इसलिए तर लिहिलंय." त्यातील 'लेकिन' आणि 'इसलिए' आमच्या मनात घर करून राहिले. पुढे आम्ही मुद्दाम कान देऊन ऐकू लागलो. या हिंदी मुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या मराठीत भाजी, पोळी, चप्पल, मावशी सर्व काही शाबूत आहे. परंतु 'पण', 'म्हणून', 'उलट', 'तरीसुद्धा' हे वाक्याचे सांधे मात्र परभाषेचे झाले आहेत. कारण उघड आहे. घरी आपण मुलांशी मराठीत बोलतो ते 'जेवायला ये', 'अभ्यासाला बस', 'दार लाव' एवढेच. आज्ञेला युक्तिवाद लागत नाही. शंका घेणे, मत मांडणे, दुसऱ्याचे खोडून काढणे, हे सारे मूल शाळेत शिकते, आणि ते हिंदीत नाहीतर इंग्रजीत. मग घरी वडिलांशी मतभेद झाला की ते साहजिकच त्या भाषेत शिरते, आणि आपण म्हणतो, पोराला मराठीचा अभिमान नाही!

म्हणून वक्तृत्व बंद करून आम्ही वादविवाद सुरू केला. त्यात पहिली ठेच लागली ती विषयाची. 'मोबाइल : शाप की वरदान' असला विषय ठेवला की दोन्ही पक्ष शेवटी 'दोन्ही आहे' असे म्हणून हात जोडतात. विषय हा ठरावासारखा हवा, ज्याला होय किंवा नाही म्हणावेच लागेल असा. 'शाळेत मोबाइल आणण्यास मुभा असावी', असे म्हटले की मुले सरसावून बसतात.

पक्ष कोणी घ्यावा, हे आठ दिवस आधी चिठ्ठ्या टाकून ठरते. यावर काही मातांचा आक्षेप असे, की मुलाला जे पटत नाही ते त्याने का म्हणावे? कचेरीत आमचा जन्म टिपणे लिहिण्यात गेला. ज्याला नकार द्यावयाचा त्याची बाजू आधी नीट मांडल्यावाचून नकाराचे टिपण पुढे सरकत नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांची रीतही हीच होती. पूर्वपक्ष सांगोपांग मांडावयाचा आणि मग उत्तरपक्ष. न्यायसूत्रांत तर वाद, जल्प आणि वितंडा असे भेदच केले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी तो वाद, जिंकण्यासाठी वाटेल ते तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा मोडावयाचा ती वितंडा. यांपैकी तिसरी विद्या मुलांना उपजत येते, असा आमचा अनुभव आहे.

प्रत्येक पक्षाचे तीन वक्ते, प्रत्येकास चार मिनिटे. तिसऱ्या मिनिटाला एक घंटा, चौथ्याला दोन. नंतर श्रोत्यांना दहा मिनिटे. अखेरीस प्रत्येक पक्षाला खंडनासाठी दोन मिनिटे. आधी प्रतिकूल पक्ष, आणि ठराव ज्याने आणला त्याला उत्तराचा हक्क म्हणून शेवटी अनुकूल पक्ष. खंडनाच्या वेळी हातात कागद चालत नाही, आणि 'माझ्या मित्राचे म्हणणे असे आहे की' अशी सुरुवात करून आधी त्याचा मुद्दा सांगावा लागतो. खरी परीक्षा येथे होते. पाठ केलेले संपलेले असते आणि 'असे जरी असले, तरी' हा सांधा स्वतःच जुळवावा लागतो. आम्ही शंभरांपैकी चाळीस गुण खंडनाला ठेवले आहेत, उच्चाराला अवघे दहा.

अध्यक्षाविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तेथे आमचीच चूक झालेली आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर (१९५२ ते १९५६) हे बडोद्यास जन्मलेले आणि अहमदाबादेस वकिली केलेले, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर राहिलेले मराठी गृहस्थ. अहमदाबादेस आमची बदली असताना त्यांच्याविषयी पुष्कळ ऐकले होते. सभागृहात सदस्याने अध्यक्षाला उद्देशून बोलावे आणि अध्यक्षाने मते समसमान पडल्याखेरीज मत देऊ नये, हे संसदेतले नियम आम्ही वर्गात मोठ्या अभिमानाने लागू केले होते.

आणि एके रविवारी विषय ठेवला, 'परप्रांतातील मराठी मुलांना मराठी लिहितावाचता आलेच पाहिजे.' प्रतिकूल पक्षाची चिठ्ठी तेरा वर्षांच्या एका मुलीला आली. ती म्हणाली, "माझ्या पणजोबांना मोडी येत होती. इथे बसलेल्या काकांपैकी किती जणांना येते? मोडी गेली, तरी तुम्ही मराठीच राहिलात ना? मग आमची देवनागरी गेली, तर आम्ही कसे परके होऊ?" आम्ही अध्यक्षस्थानी होतो. आम्हांला राहवले नाही. "मोडी ही लिपी, भाषा नव्हे," असे आम्ही मध्येच बोलून गेलो. ती थांबली, घड्याळाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "अध्यक्षमहाराज, माझा वेळ चालला आहे. आणि आपण कोणत्या पक्षाकडून बोलत आहात?"

सभागृह हसले. आम्ही क्षमा मागितली आणि तिला अर्धे मिनिट वाढवून दिले.

ठराव पडला. एक वयोवृद्ध सभासद कष्टी होऊन म्हणाले, मंडळाच्याच व्यासपीठावर मराठीच्या विरुद्ध टाळ्या पडाव्यात? त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो. त्या रात्री आम्हांलाही नीट झोप लागली नाही. पण त्या मुलीच्या संपूर्ण भाषणात एकही 'लेकिन' नव्हते, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

अनुकूल पक्षाच्या मुलाला त्या दिवशी मोडीचे उत्तर सुचले नाही. पुढच्या रविवारी तो वर्गात येताच उभा राहिला. "घरी पणजोबांच्या जमिनीचे मोडी कागद आहेत. बाबांना वाचता येत नाहीत, आजोबांनाही येत नाहीत. वाचणारा माणूस शोधावा लागतो. असे जरी असले, तरी लिपी गेल्याने काही बिघडत नाही, असे तिचे म्हणणे आहे का?" ती मुलगी लगेच उत्तर द्यावयास उठली. शिक्षिकाबाईंनी व्याकरणाचा तास बाजूला ठेवला. आठ दिवस उशिरा आलेल्या खंडनाला गुण देण्याची तरतूद आमच्या नियमांत नव्हती, ती आता करावी की काय, याचा विचार चालू आहे.

पुढील वादविवादाच्या चिठ्ठ्या येत्या रविवारी टाकावयाच्या आहेत. परीक्षक म्हणून तीन पालक हवे आहेत, मात्र ज्यांचे मूल बोलणार नाही असेच. घंटा आरतीची आहे. गणेशोत्सवापूर्वी ती कपाटात परत ठेवावी, अशी कार्यवाहांची सूचना आहे, आणि ती आम्हांस मान्य आहे.