पगारपत्रक आणि फीची सवलत
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



माझी सारी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात पगारपत्रके लिहिण्यात गेली. म्हणून मोठ्या विषयात न शिरता, मुलांच्या फीसवलतीच्या अर्जात आपला पगार कसा लिहावा, एवढेच सांगतो.

बारामती-इंदापूर भागातील आपले अनेक पालक माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांत किंवा बारामतीच्या एम.आय.डी.सी.त कामाला आहेत. अर्जात ते हातात पडणारा पगार लिहितात. पण फंड, विम्याचा हप्ता, पतपेढीचे कर्ज कापून गेले तरी ते आपलेच उत्पन्न होय. दिवाळीचा बोनस, ओव्हरटाइम, हंगामी कामगाराला बंद हंगामात मिळणारा रिटेन्शन भत्ता, हेही त्यात येते. उलट काही जण हंगामातल्या एका महिन्याचा पगार बाराने गुणतात आणि नसलेले उत्पन्न स्वतःच्या माथी मारून घेतात.

दुसऱ्यांची पगारपत्रके लिहिणाऱ्या माझ्याकडूनही थोरल्या मुलीच्या वेळी चूक झाली. अर्जात बोनस धरला नाही. उत्पन्नाच्या दाखल्यातला आकडा वेगळा निघाला, अर्ज परत आला आणि दुरुस्तीपूर्वीच मुदत संपली. ती फी कर्ज काढून भरली. वाईट याचे वाटते की, बोनस धरला असता तरी मी मर्यादेच्या आतच होतो!

आज राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा 8 लाख रुपये आहे. 2024-25 पासून, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या आर्थिक दुर्बल व ओ.बी.सी. गटांतील मुलींना याच मर्यादेत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. बागवान, तांबोळी, मोमीन कुटुंबांनी जातीचा दाखलाही वेळेत काढून ठेवावा. महिना 30 हजार पगार धरला तरी वर्षाचे 3 लाख 60 हजार होतात. मग बोनस लपवून मिळवायचे काय?

तेव्हा मार्च संपला की कारखान्याकडून वर्षाच्या एकूण पगाराचा दाखला घ्या. शेतीचे व घरातील इतरांचे उत्पन्न त्यात मिळवा. तोच आकडा सेतू केंद्रात द्या, तोच अर्जात लिहा. कामगार कल्याण मंडळाची किंवा कारखान्याची शिष्यवृत्ती मिळत असेल तर तीही नोंदवा. अनेक योजनांत दोन शिष्यवृत्त्या एकदम घेता येत नाहीत.

आपल्या मुली गुणांनी मागे नाहीत. आपल्या आकड्याच्या चुकीने त्या मागे राहू नयेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.