पटलेली नीती, पत्करलेली नीती



 नीतिव्यवस्थांची तुलना आणि निवड हा या परिषदेचा यंदाचा विषय. वर्गात आपण मिल शिकवतो, कांट शिकवतो आणि परीक्षेत ‘तुलना करा’ म्हणून दहा गुणांचा प्रश्न घालतो. निवडीला अभ्यासक्रमात जागाच नाही. मराठीत मात्र या दोन्ही गोष्टी गांभीर्याने केलेली माणसे होऊन गेली.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुष्कळांचे पुष्कळ हित ही पाश्चात्त्य कसोटी तपासताना त्यात अमेरिकेतल्या एका शहराचे उदाहरण येते. ट्रामची मंजुरी रखडली होती. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती लवकर मिळवली. लोकांची सोय झाली; पण पुढे प्रकरण उघडकीला आले आणि त्याला शिक्षा झाली. हित पुष्कळांचे झाले, तरी कृत्य लाच देण्याचेच. म्हणून टिळक परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ मानतात.

हा युक्तिवाद घेऊन जरा एखाद्या सरकारी टेबलासमोर उभे राहा. वजन ठेवल्याशिवाय फाइल हलत नाही, पावसाळा तोंडावर आलेला, इमारतीची दुरुस्ती अडलेली. पाकीट सरकवताना सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, ‘माझ्या मनात पाप नाही. मी माझ्यासाठी थोडाच करतोय?’ एका वाक्यात त्याने शुद्ध बुद्धीही सांगितली आणि पुष्कळांचे हितही. टिळकांची साम्यबुद्धी, म्हणजे सर्वांकडे समभावाने पाहणारी बुद्धी, इतकी स्वस्त नव्हती; ती स्थितप्रज्ञाची होती. आपण तिची सोयीची आवृत्ती वापरतो. आपल्या मनाचे पंच आपणच झालो, की निकाल आधीच ठरलेला असतो.

आता तुलनेकडून निवडीकडे येऊ. महात्मा फुले यांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये निघाले. त्यात एक घर आहे. आईने बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, वडिलांनी बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून इस्लाम स्वीकारावा, मुलाने सत्यधर्म. आणि सगळ्यांनी गोडीने एकत्र नांदावे. निवड वाचून करायची, जन्मावरून नव्हे, आणि ती ज्याची त्याने करायची. सत्यवर्तनाचे नियम मात्र बाईला आणि पुरुषाला सारखेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे घाईने निवड करणाऱ्याची नव्हेत. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला होता. नियम सवयीने पाळता येतो. तत्त्व विचार करायला लावते, म्हणून जबाबदारी तत्त्वाबरोबरच येते. तरीही नागपुरात त्यांनी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ही विसंगती आहे का? मला तसे वाटत नाही. वरून लादलेली आज्ञा निराळी आणि समजून-उमजून चारचौघांत स्वतःच्या तोंडाने केलेली प्रतिज्ञा निराळी. मी चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, असे एकदा म्हटले, की ते पाळले की नाही हे घरच्यांना कळते, शेजाऱ्याला कळते. सेक्रेटरीच्या शुद्ध मनाला जो साक्षीदार नव्हता, तो इथे मिळतो.

तत्त्वांशिवाय तुलना करता येत नाही, हे खरे. पण निवडलेले तत्त्व रोजच्या व्यवहारात आपल्याला कुठे अडवणार, हे आधी ठरवून जाहीर केले नाही, तर ऐनवेळी आपण त्यातूनच पळवाट काढतो. ज्या नीतीमुळे आपले कधीच काही अडत नाही, ती आपल्याला पटली असेल. आपण ती पत्करलेली नसते.

म्हणून निबंधवाचकांना एक विनंती. कोणती व्यवस्था श्रेष्ठ, हे आपण सांगालच. तिच्यामुळे आपल्याला स्वतःला कोणती गोष्ट करता येणार नाही, हेही एका वाक्यात सांगा. मतभेद होतील, ते व्हावेत. फुल्यांच्या घरात चार मते नांदू शकतात, तर या सभागृहात चाळीस नांदायला हरकत नाही. परिषदेचे कामकाज सुरू झाल्याचे मी जाहीर करतो.